नवीन प्रिन्सिपल झालात? शाळेच्या मार्केटिंगचं काय करायचं, कुठून सुरू करायचं

विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेचे तुम्ही नव्याने मुख्याध्यापक झाला असाल तर पहिल्या दोनतीन महिन्यांत एक मीटिंग होणारच. सेक्रेटरी साहेब म्हणणार, "मॅडम, त्या चौकातल्या शाळेचे फ्लेक्स बघितलेत का, आपणही काहीतरी ब्रँडिंग करायला पाहिजे." आणि मग सगळे तुमच्याकडे बघणार, कारण तुमचं बीएड झालंय, वीस वर्षं गणित शिकवलंय, पण मार्केटिंग कोणी शिकवलेलंच नाही. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर गावोगावी शाळा निघाल्या, सरकारकडून अनुदान नाही, शिक्षकांचे पगार फीमधूनच निघतात. त्यामुळे पटसंख्या हा विषय तुम्ही नको म्हणालात तरी तुमच्याच टेबलावर येतो. मी शाळांच्या प्रवेशाचं आणि पालकांशी बोलण्याचं काम बरीच वर्षं करतेय, नवीन प्रिन्सिपल लोक मला जे विचारतात ते इथे क्रमाने लिहितेय. माझं एकच म्हणणं आहे: हे काम एजन्सीला देऊन मोकळं होता येत नाही, कारण पालक शाळेबद्दल जे मत बनवतो ते फ्लेक्सवरून कमी आणि गेटवर, फोनवर, वर्गशिक्षिकेच्या उत्तरावरून जास्त बनवतो, आणि या तिन्ही जागा तुमच्या हाताखाली आहेत.

पायरी 1: महिनाभर काहीही छापू नका

लोगो बदलायचा नाही, युनिफॉर्म बदलायचा नाही, नवीन टॅगलाइन तर नाहीच. आधी ऐकायचं.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करा, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही. गेल्या तीन वर्षांत किती मुलांनी दाखले नेले, कोणत्या इयत्तेतून नेले ते क्लार्कला काढायला सांगा. मग 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना वाचा. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असेल 'पालकांची इच्छा' नाहीतर 'स्थलांतर'. या रकान्याला काही अर्थ नाही, क्लार्कने हात चालवून लिहिलेलं असतं, पण इयत्ता मात्र खोटं बोलत नाही. चौथीनंतर मुलं जात असतील तर पालकांना तुमचं प्राथमिक आवडतंय पण पाचवीपासूनच्या शिक्षकांवर भरवसा नाहीये, सिनियर केजीनंतर जात असतील तर लोक तुम्हाला फक्त घराजवळची बालवाडी समजतायत, आणि सातवी-आठवीत जात असतील तर कुठल्यातरी क्लासवाल्याचं इंटिग्रेटेड (शाळा आणि क्लास एकत्र) काहीतरी सुरू झालंय. तिन्हीला उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाही उपायात फ्लेक्स येत नाही. यापुढे जो पालक दाखला न्यायला येईल त्याला दहा मिनिटं तुमच्या केबिनमध्ये बसवा, चहा द्या, थांबवायचा प्रयत्न अजिबात करू नका, फक्त विचारा की नक्की कधी वाटलं की आता बदलावी शाळा. जाणारा माणूस खरं बोलतो, त्याला आता तुमची भीड नसते.

मग स्वतःच्याच शाळेत फोन करा. म्हणजे तुम्ही नाही, तुमच्या बहिणीला नाहीतर मैत्रिणीला करायला सांगा, स्पीकरवर टाकून ऐका. बहुतेक वेळा असं काहीतरी ऐकू येतं:

"हॅलो, ॲडमिशनची चौकशी करायची होती."
"कुठल्या वर्गाची?"
"ज्युनियर केजी. फी किती आहे?"
"फी फोनवर नाही सांगत, इकडे यावं लागेल."
"कधी येऊ?"
"नऊ ते बारा. शनिवारी मॅडम नसतात."

संपलं. मुलाचं नाव विचारलं नाही, पालकाचा नंबर घेतला नाही, नऊ ते बारा दोघंही कामावर असतात हा विचार नाही. अध्यक्ष दोन लाखांची जाहिरात देतात ती या फोनवर येऊन मरते. आणि दोष त्या ताईंचा नाही बरं का, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की हे त्यांचं काम आहे, त्या फी भरून घेतायत, पावती फाडतायत, एकीकडे रडणारं पोर सांभाळतायत आणि वरून फोन.

व्हॅनवाल्या काकांशी बोला. रिक्षावाले आणि व्हॅनवाले पाच शाळांच्या मुलांची नेआण करतात, कुठल्या शाळेत काय चाललंय ते यांना शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या आधी कळतं, आणि नवीन सोसायटीत राहायला आलेली बाई "कुठली शाळा चांगली हो काका" असं त्यांनाच विचारते.

पायरी 2: शाळा एका वाक्यात सांगता आली पाहिजे

'सर्वांगीण विकास', 'मूल्याधिष्ठित शिक्षण', 'अनुभवी शिक्षकवृंद', 'निसर्गरम्य परिसर'. तुमच्या माहितीपत्रकावर हे चारही असतील, पैज लावते. आता शाळेच्या नावावर हात ठेवून ते माहितीपत्रक वाचा. दुसऱ्या कुठल्याही शाळेचं नाव टाकलं तर चालेल ना? मग ते तुमचं नाहीच.

पुण्यातली अक्षरनंदन, नाशिकची आनंद निकेतन, फलटणची कमला निंबकर बालभवन ही नावं घेतली की शिक्षणात थोडा रस असलेल्या मराठी पालकाच्या डोळ्यासमोर एक ठरावीक शाळा येते, आवडो न आवडो. तिघी मराठी माध्यमाच्या, आणि 'आता मराठी माध्यमाला कोण घालतं' असं सगळे म्हणत असतानाच्या काळातल्या. त्यांनी आधी ठरवलं की आपण काय करणार आणि काय करणार नाही, ओळख त्यातून आली. तुमची शाळा त्यांच्यासारखी प्रायोगिक असायची गरज नाही, साधी असू दे, पण तिच्यात काहीतरी एक असतं जे तुम्ही खरंच बाकीच्यांपेक्षा बरं करता. एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत मला सापडलेलं वाक्य असं होतं: 'तिसरी संपेपर्यंत आमचं प्रत्येक मूल मराठी आणि इंग्रजी दोन्ही न अडखळता वाचतं, नाही वाचलं तर शाळा सुटल्यावर आम्ही बसवून घेतो, वेगळी फी नाही.' हे कोणत्या कॉपीरायटरने लिहिलेलं नव्हतं, तिसरीच्या बाई गेली कित्येक वर्षं ते करतच होत्या, फक्त संस्थेत कोणाला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

हे वाक्य शोधायला पालकांचे आणि शिक्षकांचे छोटे गट बसवा, सातआठ जण, तुम्ही स्वतः कमी बोला. 'शाळेबद्दल काय आवडतं' असं विचारू नका, सगळे गोड बोलतील. विचारा: "तुमच्या जावेला ही शाळा सुचवायची झाली तर काय सांगाल, आणि कशाबद्दल गप्प राहाल?" दुसऱ्या अर्ध्या प्रश्नात खरा माल असतो.

वाक्य सापडलं की संस्थाचालकांसमोर ठेवा आणि त्यातली कुठलीही गोष्ट उद्या एखादा पालक वर्गात येऊन तपासू शकेल का हे विचारा. नसेल तर खोडा.

पायरी 3: आतली माणसं आधी

माहितीपत्रक छापायच्या आधी ते शिक्षकांच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा. कोणी गालातल्या गालात हसलं की समजायचं तिथे थाप आहे.

फ्रंट ऑफिससाठी एक पानाची नोट करा. वयाची अट (पहिलीला 6 वर्षं, राज्याच्या नियमाने 31 डिसेंबरपर्यंत पूर्ण), बोर्ड कुठलं, बसचे रूट, फीचे हप्ते, कोणते कागद लागतात, आणि कोण काय सांगू शकतं. चौकशीची वही ठेवा, साधी फुलस्केप चालेल: नाव, नंबर, मुलाची जन्मतारीख, शाळा कोणाकडून कळली, पुढचा फोन कधी करायचा. 'कोणाकडून कळली' हा रकाना वर्षभर नीट भरला गेला की जाहिरातीचं अर्धं बजेट आपोआप वाचतं, कारण तिथे 'नणंदेचा मुलगा आहे इथे', 'शेजारच्या वहिनी' असंच पानोपानी दिसतं. आणि गेटवरच्या शिपाई मामांना मीटिंगला बोलवा हो. नवीन पालकाशी सगळ्यात आधी तेच बोलतात आणि त्यांनाच आपण कधी काही सांगत नाही.

पायरी 4: फीचं कॅलेंडर आणि चौकशीचं कॅलेंडर जुळवा

हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त नाव इथेच खराब होतं, म्हणून जरा सविस्तर.

चौकशा दिवाळीनंतर सुरू होतात, जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी असते. आणि महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे नवीन वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी ठेवायचा असतो, मंजूर झालेली फी नोटीस बोर्डावर लावायची असते, आणि ती दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते. म्हणजे जूनला शाळा भरणार असेल तर डिसेंबर उजाडायच्या आत हे पुढे गेलेलं पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं, अनेक शाळा हा विषय फेब्रुवारी-मार्चपर्यंत ढकलतात, तोवर ऑफिसमधून येणाऱ्या पालकांना गेल्या वर्षीचा आकडा सांगितलेला असतो 'थोडं इकडेतिकडे होईल' म्हणून, आणि एप्रिलमध्ये नवीन आकडा कळला की त्या पालकांना फसवल्यासारखं वाटतं. पहिल्याच महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर फीचा वाद, आणि मग वर्षभर तुम्ही कितीही सुंदर गॅदरिंग करा. फी जास्त असल्याचा राग पालक एकवेळ गिळतो, फिरवाफिरवीचा नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यकारी समितीची मीटिंग लावा. फोनवर फी सांगा, सगळी सांगा, बस, पुस्तकं, ॲक्टिव्हिटी धरून. ज्याला परवडणार नाही तो येणार नाही, त्याचाही वेळ वाचला आणि तुमचाही. वह्या-युनिफॉर्म अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती करू नका, ती करता येतही नाही आणि त्यातून सुटणाऱ्या चार पैशांपेक्षा बदनामी महाग पडते.

पायरी 5: मग बाहेर बोला, पण खरं आणि बेताने

आधी फुकटातलं. गुगल मॅपवर शाळेचं पान तुमच्या ताब्यात आहे का बघा, बरेचदा ते कुठल्यातरी माजी विद्यार्थ्याने बनवलेलं असतं आणि फोटो 2016 च्या पत्र्याच्या शेडचा असतो. वेळ, फोन नंबर, फोटो नीट करा. वाईट रिव्ह्यूला दोन ओळींत सभ्य उत्तर द्या, मुलाचं नाव किंवा वर्ग चुकूनही लिहू नका, आणि शिक्षकांना 'सगळ्यांनी पाच स्टार द्या' असं सांगू नका, एकाच दिवशी आलेले तीस पाच-स्टार वाचणाऱ्याला कळतात.

वेबसाइटवर मान्यतेचा तपशील, 27 ने सुरू होणारा 11 आकडी यू-डायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), बोर्ड, शिक्षकांची पात्रता, फी हे सरळ दिसलं पाहिजे. सीबीएसई संलग्न शाळांना तर ही माहिती जाहीर करणं बंधनकारकच आहे. आणि कृपा करून 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहू नका. शाळा सीबीएसईला संलग्न असते किंवा नसते, मधलं काही नसतं. पालकाला हे नववीत कळतं तेव्हा त्याच्या मनातून शाळा कायमची उतरलेली असते.

दहावीच्या निकालाचा फ्लेक्स. मला माहितीये हा तुम्ही बंद करू शकणार नाही, अध्यक्षांचा फोटो कुठे लावणार मग. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद करूनही जमाना झाला तरी चौकात ती चालूच आहे. पण जरा विचार करा, 97 टक्केवाल्या चार मुलांचे चेहरे बघून 62 टक्केवाल्याच्या आईला काय कळतं? की ही शाळा त्यांची आहे, आपली नाही. आणि ज्यांची मुलं मधल्या गटातली आहेत असे पालकच संख्येने जास्त. लावायचाच असेल तर पूर्ण बॅचचा फोटो लावा, खाली लिहा की इतकी मुलं बसली, इतकी पास झाली. 'जिल्ह्यात नंबर वन' लिहायचं तर कोणी ठरवला नंबर ते दाखवता आलं पाहिजे, जाहिरात मानक परिषदेचे शिक्षणसंस्थांसाठी वेगळे नियम आहेत, पुरावा नसलेला क्रमांक चालत नाही आणि कमी मार्कवाल्या मुलाला अपयशी दाखवणंही चालत नाही.

'निवडक प्रवेश', 'एंट्रन्स टेस्ट' असली भाषा पहिली ते आठवीसाठी वापरू नका. काही संस्थाचालकांना वाटतं त्याने भाव वाढतो, पण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन निवड करणं हाच गुन्हा आहे, पहिल्या वेळी 25,000 आणि नंतर दरवेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड. तुम्ही स्वतःच्या हाताने जाहिरातीत पुरावा छापून देताय.

आरटीईचं निघालंच आहे तर अजून एक. या कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांबद्दल संस्थेच्या मीटिंगमध्ये 'ती मुलं' असा शब्द निघतो. फेब्रुवारी 2024 ला सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या किलोमीटरभर आत असलेल्या खाजगी शाळांना वगळलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी सुटकेचा निःश्वास टाकला गेला, आणि जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. म्हणजे ही मुलं तुमच्या शाळेत आहेत, राहणार आहेत. त्यांच्या पालकांना फीभरू पालकांइतकाच मान मिळतो की नाही हे अख्खं गाव बघत असतं. सहलीच्या यादीत कोण नाही, गॅदरिंगला पुढच्या रांगेत कोण नाही, ते मुलं घरी जाऊन सांगतात.

पायरी 6: फोटो आणि रील्स

हल्ली प्रत्येक शाळेचं इन्स्टा आहे आणि पिंक डे, यलो डे, मँगो डे चालूच असतात. दोन गोष्टी. फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी, प्रवेश फॉर्ममध्येच वेगळा चौकोन करा, 'हो' आणि 'नाही' दोन्हीचा, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची यादी वर्गशिक्षिकेकडे असली पाहिजे, ऑफिसच्या फाइलमध्ये असून उपयोग नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, तेव्हा आत्ताच सवय लावा. नाव, वर्ग, बस रूट आणि चेहरा एकाच पोस्टमध्ये येऊ देऊ नका.

दुसरं म्हणजे काय टाकायचं. फुग्यांसमोर उभी राहिलेली पोरं सगळ्या शाळांची सारखीच दिसतात. त्यापेक्षा चौथीच्या बाई भागाकार कसा समजावतायत ते चाळीस सेकंद दाखवा, फळ्यावरचं खोडलेलंही दिसू द्या.

पायरी 7: शाळा बघायला बोलवा, चालू शाळा

ओपन डे रविवारी ठेवून रिकामे वर्ग आणि पॉलिश केलेली लॅब दाखवण्यात काय अर्थ आहे. कामाच्या दिवशी सातआठ पालकांना बोलवा, वर्ग चालू असताना फिरवा, स्वच्छतागृह न विचारता दाखवा. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झाल्यानंतर पालक पहिले प्रश्न कॅमेरे कुठे आहेत, टॉयलेटला कोण नेतं, मावशींची पोलीस पडताळणी झालीये का असेच विचारतात, आणि बरोबरच विचारतात. याची उत्तरं तुम्ही स्वतः द्या, सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) कोण कोण आहे ते नावांसकट सांगा. शेवटची पंधरा मिनिटं सध्याच्या दोन पालकांना त्यांच्याशी बोलू द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

पायरी 8: वाईट दिवसाची तयारी चांगल्या दिवशी

बस उशिरा, मुलाचा हात मोडला, शिक्षकाने मारलं, काहीतरी होणारच. ठरवून ठेवा: पालकाला पहिला फोन कोण करणार, ग्रुपवर मेसेज कोण टाकणार, पत्रकाराशी कोण बोलणार. पालकाला ग्रुपवरून कळायच्या आधी तुमच्याकडून कळलं पाहिजे. लैंगिक छळाची तक्रार असेल तर त्यात 'शाळेचं नाव' हा मुद्दाच येत नाही, पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि दडपलं तर संस्थाप्रमुख म्हणून तुमच्यावरही गुन्हा दाखल होतो. कोणी विश्वस्त म्हणाला 'आधी अंतर्गत बघू', तर ऐकू नका.

पायरी 9: विश्वस्त आणि एजन्सी

विश्वस्तांना दर महिन्याला एक पान द्या. किती चौकशा, त्यातले किती बघायला आले, किती फॉर्म, किती प्रवेश, आणि सगळ्यात वर किती दाखले गेले. लाइक आणि फॉलोअर त्या पानावर नकोत. आकडे बघून ते आपोआप योग्य जागी प्रश्न विचारायला लागतात, थोडा वेळ लागतो, फ्लेक्सची हौस एकदम जात नाही.

एजन्सी घ्यायचीच असेल तर छपाई, फोटो, वेबसाइट एवढं द्या. पालकांना उत्तरं देणं देऊ नका, आणि मजकूर तुम्ही मराठीत लिहा, त्यांना फक्त शुद्धलेखन बघू दे (ते पण नंतर तुम्हीच तपासा, 'विद्यार्थि' लिहिलेला फ्लेक्स शाळेच्या गेटवर मी पाहिलाय). करारात आधीच लिहून घ्या की डोमेन, फेसबुक पेज, इन्स्टा, गुगलचं पान हे सगळं शाळेच्या ईमेलवर राहील, एजन्सीच्या पोराच्या पर्सनल जीमेलवर नाही, कारण तो पोरगा नोकरी सोडून गेला की पासवर्डसाठी सहा महिने त्याच्या मागे फिरावं लागतं.